एक पान, तीन तक्ते

२००६ सालची गोष्ट. एका माध्यमिक शाळेने आपले संकेतस्थळ तयार केले होते आणि ‘जरा नजर टाका’ म्हणून मला बोलावले होते. संगणकाच्या खोलीत सात-आठ शिक्षक, मागे चुळबुळणारी काही मुले आणि सगळ्यांच्या मध्ये एकच पडदा. पान उघडले. मधला मजकूर, म्हणजे शाळेचा इतिहास, स्वच्छ मराठीत दिसत होता. पण त्याच्या वर, जिथे शाळेचे नाव हवे, तिथे भलतेच काही तरी होते. माथ्यावर तिरकी रेघ दिलेला रोमन ‘ए’, त्यापुढे चार पाय फुटलेले एक वर्तुळ, मग परिच्छेदाची खूण. पुन्हा तोच ‘ए’, तेच वर्तुळ आणि पुढे पाऊण. पुन्हा ‘ए’, वर्तुळ आणि खांद्यावर चढवलेला बारीक तीन. आणि पुन्हा एकदा पाऊण. पानाच्या तळाशी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी होती. तिथे तर चाळीस ओळी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या.

कोणी म्हणाले, व्हायरस शिरला. कोणी म्हणाले, मराठी फॉन्ट नाही. दोन्ही निदाने त्या काळी सर्रास केली जात आणि दोन्ही इथे चुकीची होती. फॉन्ट नसता तर मधला मजकूर तरी कसा दिसला असता? एकाच पानाच्या तीन भागांची तीन तऱ्हा का झाली, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधायला गेले की माणूस शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातो.

टाचणी लावणारा

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याला एकसंध दिसलेले ते पान मुळात एक नव्हतेच. शाळेच्या पत्रांची आठवण करा. वरचा नाव-पत्त्याचा भाग दर वेळी कोणी नव्याने लिहीत नाही. छापील कागद तयार असतो, त्यावर फक्त मजकूर लिहायचा. संकेतस्थळांच्या बाबतीत हीच सोय १९९३ च्या सुमारास अमेरिकेत झाली. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी वेब सर्व्हरचा एक प्रोग्राम लिहिला होता. वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारा संगणक. त्या प्रोग्राममध्ये अशी सोय होती, की पानात एका जागी ‘अमुक फाइल इथे घाला’ अशी खूण करून ठेवायची. कोणी ते पान मागितले की सर्व्हर ती खूण शोधतो, तिच्या जागी त्या फाइलमधला मजकूर घालतो आणि सगळे एकत्र पाठवून देतो. या सोयीचे नाव ‘सर्व्हर-साइड इन्क्लूड’. ही खूण मुद्दाम अशा चिन्हांत लिहिली जाते, की एखाद्या सर्व्हरला ती कळली नाही तर वाचणाऱ्याच्या ब्राउझरने ती टिप्पणी समजून सोडून द्यावी. साधी, हुशार युक्ती. १९९५ साली त्याच प्रोग्रामवर डागडुजी करीत ‘अपाची’ हा सर्व्हर उभा राहिला आणि तो जगात सर्वात जास्त वापरला जाऊ लागला. त्याच्याबरोबर ही युक्तीही सगळीकडे पोचली.

सोय किती मोठी होती, हे दोनशे पानांचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला विचारावे. दूरध्वनी क्रमांक बदलला तर एकच फाइल दुरुस्त करायची, दोनशे पाने आपोआप दुरुस्त. अर्थात चूकही याच न्यायाने पसरते.

आता या सर्व्हरची एक मर्यादा पाहा. तो कार्यालयात कागदांना टाचणी लावणाऱ्या माणसासारखा आहे. वरचा कागद, मधला कागद, खालचा कागद असे एकावर एक ठेवून टाचणी मारायची, एवढेच त्याचे काम. कागदांवर काय लिहिले आहे ते तो वाचत नाही. वरचा कागद मोडीत आणि मधला बाळबोधीत असला तरी त्याला पत्ता नसतो. वर तो संपूर्ण गठ्ठ्यावर एकच चिठ्ठी चिकटवतो, ‘हे सर्व बाळबोधीत आहे’. वाचणारा चिठ्ठीवर विश्वास ठेवून वाचू लागतो आणि पहिल्याच कागदाला अडखळतो.

१७९ म्हणजे काय?

संगणकाच्या फाइलीत अक्षरे नसतात, आकडे असतात. आठ बिटांचा एक बाइट, त्यात ० ते २५५ पैकी एक आकडा. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे याचा तक्ता मात्र फाइलीबाहेर असतो. हे वाक्य वाचायला सोपे आहे, पण त्याचा अर्थ पटायला एक उदाहरण हवे. फाइलीत १७९ हा आकडा आहे असे समजा. भारतीय मानक ‘इस्की’च्या तक्त्यात तो ‘क’ आहे. पश्चिम युरोपच्या ‘लॅटिन-१’ तक्त्यात तो घात दाखवणारा बारीक तीन आहे. रशियन लिपीच्या एका आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो ‘ग’ चा उच्चार असलेले अक्षर आहे, आणि रशियातच जास्त चाललेल्या ‘कोइ-८’ या दुसऱ्या तक्त्यात ‘यो’. आकडा तोच, बाइट तोच, डिस्कवरची चुंबकीय खूणही तीच. ‘यातले खरे अक्षर कोणते?’ हा प्रश्न त्या आकड्याला विचारून उपयोग नाही.

असे इतके तक्ते झाले कसे? तारायंत्रापासून सुरुवात करू. फ्रान्सचे एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात पाच-पाच खुणांची संकेतपद्धती काढली. पाच खुणांतून ३२ जोडण्या होतात. रोमन अक्षरे २६, शिवाय आकडे आणि विरामचिन्हे. म्हणजे ३२ पुरत नाहीत. मग एक तोड काढली: दोन जोडण्या राखून ठेवायच्या, एकीचा अर्थ ‘यापुढे अक्षरे’ आणि दुसरीचा ‘यापुढे आकडे’. पुढे टेलिप्रिंटरवर हीच रीत राहिली. ओळीतल्या खरखरीत ती एक खूण हरवली, की पुढचा सगळा निरोप बिघडे. ‘क्यू’ च्या जागी १, ‘डब्ल्यू’ च्या जागी २, ‘ई’ च्या जागी ३ छापले जाई. एकेक खूण बरोबर पोचली आहे, पण ती कोणत्या तक्त्याने वाचायची ते वाचणाऱ्याला कळलेले नाही. शाळेच्या त्या पानाला झालेला रोग तो हाच.

संगणक आल्यावर अमेरिकेत १९६३ साली ‘अ‍ॅस्की’ हे मानक ठरले. सात बिट, १२८ जागा. मोठा रोमन ‘ए’ ६५ वर, शून्य ४८ वर. पहिल्या आवृत्तीत लहान लिपीची अक्षरेही नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. पण पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, आयबीएमने आपली सिस्टिम-३६० ही प्रसिद्ध यंत्रमाला जाहीर केली आणि तिच्यासाठी एबसिडिक नावाचा वेगळाच तक्ता वापरला. त्यात ‘ए’ १९३ वर होता आणि ‘आय’ नंतर ‘जे’ यायच्या आधी मधल्या सात जागी इंग्रजी अक्षर नव्हते, कारण तो तक्ता छिद्रपत्रांच्या खुणांवरून उतरला होता. शेवटी मार्च १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकी सरकार घेईल त्या संगणकांना अ‍ॅस्की आलेच पाहिजे, असा आदेश काढला. अक्षरांच्या आकड्यांसाठी राष्ट्राध्यक्षांची सही लागावी, यावरून त्या गोंधळाची किंमत लक्षात येते.

अ‍ॅस्कीने सात बिट वापरले, बाइटमध्ये मात्र आठ मावतात. म्हणजे १२८ ते २५५ या जागा मोकळ्या. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीचे जे होते तेच या जागांचे झाले. ज्याला जसे सुचले तसे त्याने घर बांधले. पश्चिम युरोपने तिथे आपली मात्रावाली अक्षरे बसवली, ग्रीकांनी ग्रीक, अरबांनी अरबी. रशियनांचा कोइ-८ मात्र फार विचारपूर्वक रचलेला होता. त्यात रशियन अक्षर साधारण त्याच उच्चाराच्या रोमन अक्षरापासून बरोबर १२८ जागा पुढे ठेवलेले असे. त्यामुळे वाटेतल्या एखाद्या जुन्या यंत्राने आठवा बिट छाटून टाकला, तरी ‘मॉस्क्वा’ हे नाव रोमन लिपीत वाचता येई, फक्त मोठी-लहान अक्षरे उलटी होत. नुकसान होणार हे गृहीत धरून ते सोसता येईल अशी मांडणी करणे, ही मला या इतिहासातली एक सुंदर गोष्ट वाटते.

जपानची अडचण वेगळी. त्यांची अक्षरे काही हजार, एका बाइटमध्ये मावणे अशक्य. त्यांनी दोन-दोन बाइटांचे अक्षर केले, आणि एक नव्हे तर तीन पद्धती रूढ झाल्या. त्यांपैकी ‘शिफ्ट-जिस’ या पद्धतीत ‘सो’ हे काताकाना अक्षर १३१ आणि ९२ अशा जोडीने लिहिले जाते. आता अ‍ॅस्कीत ९२ म्हणजे उलटी तिरपी रेघ, आणि बऱ्याच प्रोग्रामांच्या भाषेत त्या रेघेचा अर्थ ‘पुढच्या चिन्हाला वेगळी वागणूक द्या’. प्रोग्राम लिहिणाऱ्याला जपानी माहीत नसले, की त्याचा प्रोग्राम ‘सो’ चे अर्धे अंग आज्ञा समजून गिळून टाकी. दुसरी पद्धत तर बोदोच्याच वाटेने गेलेली होती: ‘यापुढे जपानी’, ‘यापुढे अ‍ॅस्की’ अशा खुणा मधे-मधे घालायच्या. घातलेल्या तुकड्याच्या शेवटी ‘यापुढे अ‍ॅस्की’ म्हणायचे राहिले, तर त्याच्या मागून जोडलेल्या मजकुराचाही चुराडा. अशा बिघडलेल्या मजकुराला जपानीत ‘मोजिबाके’ म्हणतात. मोजि म्हणजे अक्षर, आणि बाके हा शब्द भुताखेतांनी रूप पालटण्यासाठी वापरतात. आज हाच शब्द जगभरच्या संगणक-तज्ज्ञांच्या तोंडी आहे.

आपल्याकडचा ‘क’

आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० च्या दशकात देवनागरी संगणकावर काम झाले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ‘जिस्ट’ या नावाने ते काम तिथे वाढले. इस्की हे मानक याच परंपरेतले. १९८८ साली त्याची एक आवृत्ती निघाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारले. त्यामागची कल्पना आपल्या बाराखडीइतकीच नेटकी होती. ब्राह्मीतून निघालेल्या लिपींची वर्णमाला मुळात एकच आहे, मग आकडेही एकच ठेवू. देवनागरीतला ‘क’, कन्नडमधला ‘क’, बंगालीतला ‘क’, सगळे १७९. लिपी बदलायची तर २३९ हा आकडा आणि त्यामागून लिपीची खूण द्यायची. इथेही बोदोची ‘यापुढे अमुक’ आलीच, पण इस्कीची भाषिक बाजू पक्की होती. ‘क’ हा उच्चार साठवायचा, त्याचे चित्र कसे काढायचे ते पडद्याने पाहावे.

व्यवहारात मात्र छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. विंडोजवर फॉन्ट बनवणाऱ्यांनी मराठीला अक्षर म्हणून न पाहता आकार म्हणून पाहिले. रोमन अक्षरांच्या जागांवर अर्धा ‘क’, काना, वेलांटी, रफार असे खिळे बसवले. हे खिळे कोणत्या जागी बसवायचे, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे काही तरी विचित्र इंग्रजी. त्यावर अमुक फॉन्ट चढवला की तो मराठी दिसायचा. त्या दिवसांत मराठी संकेतस्थळ पाहायचे तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि शेजारच्या संकेतस्थळासाठी दुसरा. म्हणजे तक्त्याची किल्ली फॉन्टच्या नावात दडलेली होती. अशा पानात दुसऱ्या फाइलीतून मजकूर घातला आणि तिथे फॉन्टचे नाव लिहायचे राहिले, तर तेवढ्याच भागात इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. ‘मराठी फॉन्ट नाही’ हे आमच्या त्या शिक्षकांचे निदान याच अनुभवातून आलेले होते. निदान चुकले, पण अनुभव खोटा नव्हता.

चिठ्ठीवर काय लिहायचे?

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतला. तिथल्या युरोपीय भाषांना लॅटिन-१ पुरेसे होते. त्यामुळे जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या देवाणघेवाणीचे नियम पुन्हा लिहिले गेले, तेव्हा त्यात असे म्हटले होते, की चिठ्ठीवर तक्त्याचे नाव नसेल तर तो लॅटिन-१ समजावा. हा नियम २०१४ साली काढून टाकेपर्यंत कागदावर तसाच होता. प्रत्यक्षात ब्राउझर तो पाळत नसत. चिठ्ठी नसली तर मजकूर पाहून ते अंदाज बांधत, आणि बहुतेक वेळा तो बरोबर येई.

पण अंदाजातही धोका निघाला. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने एक इशारा दिला. पानात बाहेरून आलेला मजकूर दाखवला जात असेल, तर कोणी त्यात लबाडीने आज्ञा घुसवू शकतो. सर्व्हरने आज्ञेची चिन्हे गाळायची म्हटले तरी ती कोणत्या तक्त्यात लिहिली आहेत ते ठरलेले नसेल, तर सर्व्हरला जे निरुपद्रवी दिसते तेच ब्राउझर दुसऱ्या तक्त्याने वाचून आज्ञा समजेल. म्हणून तक्त्याचे नाव सांगितल्याशिवाय पान पाठवू नका, असा सल्ला होता. योग्यच सल्ला. त्यानंतर लगेच अपाचीत एक नवी सोय आली: चिठ्ठीवर तक्त्याचे नाव आधीच नसेल तर सर्व्हरने आपण होऊन ते लिहावे. आणि अपाचीच्या २.० मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांसोबत जी नमुना मांडणी मिळे, तिच्यात ही चिठ्ठी लॅटिन-१ ची होती.

परिणाम काय झाला असेल, तो आपण ओळखला असेलच. पानाच्या आत ‘माझा तक्ता अमुक’ असे लिहिण्याची सोय होती, पण नियमाप्रमाणे सर्व्हरची चिठ्ठी पानाच्या म्हणण्यापेक्षा वरचढ. रशिया, जपान, ग्रीस, भारत इथल्या कितीतरी पानांवर रातोरात मोजिबाके झाले. पान लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती, सर्व्हर चालवणाऱ्याने नमुना आहे तसा वापरला एवढेच. सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपाने घरच्याच माणसांना बाहेर ठेवले. सर्व्हर-साइड इन्क्लूडमध्ये बाहेरून आलेला मजकूर निर्धोक करण्याची जी व्यवस्था होती, तिच्या माहितीपुस्तिकेतही ती लॅटिन-१ गृहीत धरते, दुसऱ्या तक्त्यात अपेक्षित परिणाम होईलच असे नाही, अशी सूचना होती. इतकी प्रामाणिक सूचना वाचली किती जणांनी, हा भाग वेगळा.

जेवणाच्या टेबलावरचा उपाय

जगातल्या सगळ्या लिपींना मिळून एकच तक्ता करावा, हा विचार झेरॉक्स कंपनीतील जो बेकर यांनी १९८८ मध्ये मांडला आणि त्याला युनिकोड हे नाव दिले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. त्यामुळे आपल्या मोबाइलवर आज जो ‘क’ उमटतो, त्याचे कूळ त्या इस्कीपर्यंत पोचते. युनिकोडमध्ये ‘क’ चा आकडा २३२५.

अडचण अशी, की २३२५ एका बाइटमध्ये मावत नाही. सरळ दोन बाइट वापरावेत तर सगळ्या जुन्या अ‍ॅस्की फाइली आणि प्रोग्राम निकामी होतात. आपल्या टाचणीवाल्या सर्व्हरला ‘इथे अमुक घाला’ ही खूणसुद्धा सापडत नाही, कारण तिच्या प्रत्येक चिन्हामागे एक शून्य येऊन बसलेले असते.

यावरचा उपाय सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतील एका साध्या खाणावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर मांडला गेला. मांडणारे केन थॉम्पसन, सोबत रॉब पाइक. दोघेही बेल प्रयोगशाळेतले. पाइक यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की त्याच रात्री काम सुरू झाले आणि त्याच आठवड्यात त्यांची ‘प्लॅन ९’ ही प्रणाली संपूर्णपणे नव्या पद्धतीवर चालू लागली. हीच यूटीएफ-८.

तिचे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. १२८ च्या खालचे आकडे, म्हणजे अ‍ॅस्की, जसेच्या तसे एका बाइटमध्ये. त्यावरचा आकडा आला की त्याला ६४ ने भागत जायचे. २३२५ ला ६४ ने भागले की भागाकार ३६, बाकी २१. ३६ हा ६४ पेक्षा लहानच आहे, म्हणून त्याच्याही वरचा अंक शून्य. मिळाले ०, ३६, २१. तीन बाइटांच्या अक्षरात पहिल्यात २२४ मिळवायचे, उरलेल्या दोहोंत १२८. झाले २२४, १६४, १४९. हा यूटीएफ-८ मधला ‘क’.

यातली खुबी २२४ आणि १२८ या निवडीत आहे. १२८ ते १९१ मधला बाइट दिसला की तो अक्षराचा मधला किंवा शेवटचा भाग; १९२ च्या वरचा दिसला की तिथून नवे अक्षर सुरू; १२८ च्या खालचा दिसला की ते अ‍ॅस्कीच, दुसऱ्या कोणाचे अर्धे अंग कधीच नाही. जपानी ‘सो’ ची फजिती इथे होत नाही. ‘यापुढे अमुक’ अशी लक्षात ठेवायची खूणही नाही. म्हणून यूटीएफ-८ चे दोन नीट तुकडे एकापुढे एक ठेवले, की होणारा जोडही नीटच असतो. टाचणीवाल्याला वाचता येत नसले तरी चालते. बोदोपासून चालत आलेले दुखणे या एका गुणाने मिटते. मात्र सगळे तुकडे यूटीएफ-८ मध्येच असले पाहिजेत, आणि चिठ्ठीवरही तेच लिहिलेले पाहिजे.

हे व्हायला वेळ लागला. २००८ च्या सुमारास यूटीएफ-८ वेबवरची सर्वाधिक वापराची पद्धत झाली, आणि आज शंभरातली अठ्ठ्याण्णव संकेतस्थळे ती वापरतात. २००६ मध्ये मात्र सगळा संधिकाळ होता.

पुन्हा त्या पानाकडे

त्या दिवशी मी वरची चिन्हे कागदावर उतरवली आणि लॅटिन-१ च्या तक्त्यात त्यांचे आकडे पाहिले. माथ्यावर रेघ असलेला ‘ए’ २२४, पायवाले वर्तुळ, म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, १६४. परिच्छेदाची खूण १८२, पाऊण १९०, बारीक तीन १७९. त्यांचे गट पाडले तर २२४-१६४-१८२ म्हणजे ‘श’, २२४-१६४-१९० म्हणजे काना, २२४-१६४-१७९ म्हणजे ‘ळ’, आणि पुन्हा काना. शाळा! दीर्घ वेलांटी, एकार, पायमोड ही मंडळी तक्त्याच्या दुसऱ्या अर्धात राहतात, त्यांचा दुसरा बाइट १६५. लॅटिन-१ मध्ये ते जपानी येनचे चिन्ह. शाळेच्या नावात पुढे येन अधूनमधून डोकावत होता, त्याचे कारण हे.

म्हणजे वरचा तुकडा निर्दोष यूटीएफ-८ होता आणि सर्व्हर मात्र गठ्ठ्यावर लॅटिन-१ ची चिठ्ठी लावत होता. मग मधला इतिहास कसा वाचता आला? तो ज्या प्रोग्रामने बनवला होता, त्याने प्रत्येक मराठी अक्षराऐवजी त्याचा युनिकोड आकडा इंग्रजी अंकांत लिहिला होता, ‘श’ साठी दोन-तीन-पाच-आठ असे. अंक अ‍ॅस्कीतले, आणि अ‍ॅस्की दोन्ही तक्त्यांत सारखेच. चिठ्ठी कोणतीही लावा, त्याला फरक पडत नव्हता.

सर्व्हरच्या मांडणीतली एक ओळ बदलल्यावर शाळेचे नाव झळकले. वर एक रिकामी ओळ मात्र राहिली. तो प्रताप नोटपॅडचा. तो यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट गुपचूप टाकत असे. फाइल एकटी असली तर ही खूण कोणाला दिसत नाही, पण दुसऱ्या पानाच्या पोटात शिरली की जागा अडवून बसते. नोटपॅडने ही सवय २०१९ साली सोडली. आम्ही ते तीन बाइट काढून टाकले.

राहिली यादी. तिच्यावर मात्र काही इलाज नव्हता. ती फाइल जतन करताना नोटपॅडमध्ये ‘अ‍ॅन्सी’ असा पर्याय ठेवला गेला होता, म्हणजे पश्चिम युरोपचा तक्ता. त्यात ‘म’ ला जागा नाही, ‘र’ ला नाही, कान्याला नाही. ज्याला जागा नाही त्याच्या बदली प्रश्नचिन्ह, आकडा ६३. शाळेचे नाव चुकीचे वाचले गेले होते, पण आकडे शाबूत होते, त्यामुळे ते परत मिळाले. यादीतले आकडेच गेले होते. प्रश्नचिन्हांची संख्या तेवढी उरली होती, पण ‘मीना’ ही चार आणि ‘राधा’ ही चार. कार्यालयातून हजेरीपट मागवावा लागला आणि एक शिक्षिका चाळीस नावे पुन्हा टाइप करायला बसल्या.

सातव्या क्रमांकावर त्यांनी हजेरीपटात पाहून ‘रुतुजा’ लिहिले. मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, माझं नाव ऋषीच्या ऋने आहे. यादीत बरोबर होतं.’’ बाई म्हणाल्या, हजेरीपटात तर असेच आहे, आणि जुनी यादी आता वाचायची कशी? अनुक्रमांक इंग्रजी आकड्यांत असल्याने वाचले होते, आणि नावा-आडनावातली मोकळी जागाही तशीच होती. आम्ही सातवी ओळ पुन्हा उघडली. ‘रुतुजा’ ला सहा चिन्हे लागतात. पहिल्या शब्दात पाच प्रश्नचिन्हे होती.